दुबळेपण कोणाचे, बळ कोणाचे?

'बळी तो कान पिळी' ही म्हण आपल्या समाजाने हजारो वर्षे स्वतःच्या कानांवर अनुभवली आहे. त्यामुळे दुबळेपणाचे गुणगान करणारी कोणतीही शिकवण समोर आली की आपण सावध होतो. तसे झालेच पाहिजे. ज्यांना दुबळे करून ठेवले त्यांनाच दुबळेपणाचा महिमा सांगायचा, हा प्रस्थापितांचा फार जुना धंदा आहे. ख्रिस्ती धर्मात तर ही गोष्ट अगदी मध्यभागी आहे. माणसाने आपले दुबळेपण देवापुढे कबूल करावे, त्याच्यावर विसंबावे, म्हणजे त्या दुबळेपणातच देवाचे बळ प्रगट होते, असे तो धर्म सांगतो. ही शिकवण गुलामाला गुलामच ठेवते की उभे करते, हा प्रश्न मला गेली पन्नास वर्षे सतावतो आहे. मी बौद्ध आहे, देव मानत नाही. तरीही या प्रश्नाचे उत्तर तत्त्वज्ञानात शोधण्याऐवजी इतिहासात शोधावे असे मला वाटते. कारण गुलामांचा या शिकवणीशी प्रत्यक्ष संबंध आला, आणि त्यांनी तिचे काय केले हे नोंदलेले आहे.

१

प्रश्नाची सुरुवात घरातूनच झाली. माझी थोरली आत्या ख्रिस्ती होती. नेवासे तालुक्यातल्या एका गावच्या महारवाड्यात तिला दिलेली. सासरची माणसे दोन पिढ्यांपूर्वीच मिशनात गेलेली. १९५६ साली आम्ही बौद्ध झालो, ती ख्रिस्तीच राहिली. नाते तुटले नाही. आमच्याकडे ती बुद्धवंदनेला हात जोडून बसे आणि तिच्याकडे गेलो की नाताळची करंजी आम्ही खात असू.

१९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. मी औरंगाबादला कॉलेजात होतो. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती आणि आमची डोकी तापलेली होती. सुट्टीत मी तिच्याकडे गेलो. रात्री चिमणीच्या उजेडात गुडघे टेकून ती पुटपुटत होती : "प्रभू, मी दुबळी हाय, माझ्यात काय बळ न्हाय, तूच बळ दे." मला राहवले नाही. मी म्हणालो, "आत्या, रोज मी दुबळी, मी दुबळी म्हणत बसलीस तर माणूस दुबळाच राहायचा की!"

ती रागावली नाही. म्हणाली, "लेकरा, मी ते देवाला सांगते. मुकादमाला कवा सांगितलं व्हय?"

त्या वेळी मला हे उत्तर म्हणजे पळवाट वाटली. पण त्याच सुट्टीत मी एक गोष्ट पाहिली. दिवसभर फोडलेल्या खडीचा ढीग मोजताना मुकादम माप कमी धरी आणि बायांची मजुरी तेवढी कापली जाई. आत्या रोज संध्याकाळी त्याच्यापुढे जाऊन उभी राही आणि ढीग पुन्हा मोजा म्हणे. तो शिव्या देई, हाकलून लावी. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. दोन आठवडे असे चालले. शेवटी वरचे साहेब तपासणीला आले, तेव्हा तिने त्यांच्यासमोर ढीग मोजायला लावला, आणि त्या आठवड्याची मजुरी बायांना पुरी मिळाली. विजय फार मोठा नव्हता. पण त्या गावात महारवाड्यातल्या बाईने मुकादमाला माप बदलायला लावणे ही काही लहान गोष्टही नव्हती.

आत्याला वाचता येत नव्हते. ती माझ्याकडून शुभवर्तमानातली एकच गोष्ट पुनःपुन्हा वाचून घेई. एका विधवेला न्याय हवा असतो; न्यायाधीश देवाला भीत नाही आणि माणसाची पर्वा करीत नाही; ती त्याच्याकडे इतक्या वेळा जाते की शेवटी तो कंटाळून तिला न्याय देतो. येशूने ही गोष्ट प्रार्थना कशी करावी हे शिकवण्यासाठी सांगितली, असे तिथे म्हटले आहे. आत्याने ती मुकादमापुढे कसे जावे हे शिकण्यासाठी वापरली.

२

या शिकवणीचे मूळ वाक्य पौलाचे आहे. करिंथ हे रोमन साम्राज्यातले गजबजलेले व्यापारी शहर. तिथल्या लहानशा मंडळीला त्याने इसवी सनाच्या पन्नाशीत पत्रे लिहिली. तुमच्यात विद्वान फार नाहीत, सत्ताधारी फार नाहीत, कुलीन फार नाहीत, याची तो त्यांना आठवण देतो आणि जगाने टाकून दिलेल्यांचीच देवाने निवड केली असे सांगतो. दुसऱ्या पत्रात तो स्वतःच्या शरीरातल्या एका काट्याबद्दल लिहितो. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा गेला नाही. माझी कृपा तुला पुरे, माझे बळ दुबळेपणातच पूर्णत्वाला येते, असे उत्तर त्याला मिळाले.

हे बोलणे कोणत्या काळातले आहे ते ध्यानात घेतले पाहिजे. रोमन समाजात मान, कूळ आणि सत्ता हीच मूल्ये होती. वधस्तंभ ही मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. इ. स. पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलामांना खांबांवर लटकवले गेले. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावे आणि धडा घ्यावा म्हणून. अशा जगात, देव प्रगट झाला तो सम्राटाच्या सिंहासनावर नव्हे तर गुलामाच्या मरणात, असे म्हणणे म्हणजे मालकांच्या मूल्यांनाच नकार देणे होते.

परंतु गोष्ट इतकी सरळ नाही. पौलाच्या नावावरच्या पत्रांत, दासांनी आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहावे, असेही सांगितले आहे. विहीर एकच. मालकाने तिच्यातून एक घागर भरली, गुलामाने दुसरी. पुढची अठराशे वर्षे हे दोन पाणवठे शेजारी शेजारी चालत राहिले.

३

मालकाची घागर कशी भरली जाते याचा उघड पुरावा १८०७ सालचा आहे. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. गुलामगिरी मात्र तशीच ठेवली. त्याच वर्षी वेस्ट इंडीज बेटांवरच्या काळ्या गुलामांसाठी लंडनमध्ये एक निवडक बायबल छापले गेले. जुन्या कराराचा सुमारे नव्वद टक्के आणि नव्या कराराचा सुमारे निम्मा भाग त्यातून वगळला होता. काय वगळले? इस्राएल लोक मिसरच्या गुलामीतून सुटले ती सगळी कथा. काय ठेवले? दासांनी आज्ञेत राहावे हा उपदेश. ज्याला पोथी वाचू द्यायची नाही त्याच्या कानात शिसे ओतायचे, ही आमच्याकडची रीत. तिकडे पोथीच कातरली. हेतू एकच.

आता गुलामाची घागर पाहू. अमेरिकेतील काळे धर्मचिंतक होवर्ड थर्मन यांचा जन्म १८९९ चा. त्यांची आजी नॅन्सी अॅम्ब्रोज फ्लोरिडातल्या मळ्यावर गुलाम होती. तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे. प्रेमावरचा एक अध्याय तेवढा अपवाद. पुढे मोठेपणी त्यांनी तिला कारण विचारले. तिने सांगितले की मालकाचा गोरा उपदेशक गुलामांपुढे नेहमी पौलाचेच वचन घेई : दासहो, आज्ञेत राहा. तेव्हाच तिने ठरवले की आपल्याला कधी स्वातंत्र्य मिळाले तर बायबलचा तेवढा भाग वाचायचा नाही. निरक्षर गुलाम बाईने धर्मग्रंथाची चिकित्सा केली ती अशी. त्याच आजीने दुसराही एक उपदेशक नातवाला सांगितला. तो स्वतः गुलाम होता. वर्षातून एखाद-दोनदा त्याला बोलू दिले जाई, आणि शेवटी समोरच्या प्रत्येकाकडे पाहून तो सांगे की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरे आहात. हे सांगताना आजीची मान ताठ होत असे, अशी आठवण थर्मननी लिहून ठेवली आहे.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. कोणता धर्म आपल्या माणसांना माणूसपण देईल, हा प्रश्न त्या दिवसापासून सगळ्या देशापुढे आला. त्याच सुमारास थर्मन काळ्या अमेरिकनांचे एक शिष्टमंडळ घेऊन सिलोनमार्गे हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघाले होते. कोलंबोत त्यांना एका कायद्याच्या जाणकाराने अडवले. तुमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून ओढून नेणारे ख्रिस्ती, विकणारे ख्रिस्ती, आजही झाडांना टांगून मारणारे ख्रिस्ती. मग तुम्ही ख्रिस्ती म्हणून इथे कसे आलात? हा येवल्याचाच प्रश्न होता, फक्त वेगळ्या कातडीला विचारलेला.

थर्मननी त्याचे उत्तर १९४९ च्या 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या पुस्तकात सविस्तर दिले. येशू गरीब होता, यहुदी होता आणि रोमनांनी दडपलेल्या समाजातला होता. पौलाजवळ रोमन नागरिकत्व होते. येशूजवळ ते नव्हते. रस्त्यातल्या शिपायाने येशूला खंदकात ढकलले असते तर दाद मागायला त्याला दरबार नव्हता. ज्याची पाठ भिंतीला टेकली आहे त्याला हा माणूस काय सांगतो, हा थर्मन यांचा प्रश्न. त्यांच्या मते अशा माणसाच्या मनाला भय, खोटेपणा आणि द्वेष पोखरतात, आणि आपण देवाचे लेकरू आहोत ही जाणीव त्यातले भय मोडते. मला यातली नागरिकत्वाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. दुबळेपण हा स्वभावाचा गुण नाही. कागद नसणे, दाद नसणे, हे ते दुबळेपण आहे.

४

आता दोन बायकांकडे पाहू, कारण शिकवणीची परीक्षा माणसातच होते.

हॅरिएट टबमन मेरीलँडमध्ये १८२२ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मली. मुलगी असताना एका देखरेख्याने दुसऱ्या गुलामावर फेकलेले लोखंडी वजन तिच्या डोक्यावर बसले. त्यानंतर आयुष्यभर तिला चालता-बोलता अचानक गुंगी येई. अक्षरओळख नाही, शरीर धड नाही. मालक आपल्याला विकणार असा संशय आल्यावर तिने त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली : देवा, याचे मन पालट. तो विकायला निघालाच आहे हे कळल्यावर तिने प्रार्थना बदलली : मन पालटणार नसेल तर त्याला उचल. मालक १८४९ साली मेला, आणि त्याच वर्षी ती पळून गेली. तिला पुढे त्या प्रार्थनेचे वाईट वाटले असेही तिने सांगितले आहे. पण देवावर विसंबणे म्हणजे गोगलगाय होणे अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही प्रार्थना ध्यानात ठेवावी. ती एकटी सुटून थांबली नाही. सुमारे तेरा वेळा ती परत गेली आणि सुमारे सत्तर माणसांना बाहेर काढून आणले. जून १८६३ मध्ये यादवी युद्धात कंबाही नदीवरच्या मोहिमेत तिने वाट दाखवली आणि एका रात्रीत सातशेहून जास्त गुलाम सुटले. विचारणाऱ्याला ती सांगे की वाट आपली नाही, देवाची आहे. हे म्हणणारी बाई नदीत कुठे सुरुंग आहेत याचीही माहिती काढून ठेवत होती.

दुसरी फॅनी लू हेमर. मिसिसिपीतल्या वाटेकरी शेतमजुराची विसावी आणि धाकटी मुलगी, जन्म १९१७. पोलिओमुळे लंगडणारी. वयाच्या सहाव्या वर्षापासून कापूस वेचणारी. काळ्या माणसाला मत देण्याचा हक्क आहे हे तिला चव्वेचाळिसाव्या वर्षी, आपल्या मंडळीच्या देवळात भरलेल्या सभेत कळले. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ती सतरा जणांबरोबर बसने नाव नोंदवायला गेली. परतताना पोलिसांनी बस अडवली. माणसे घाबरली, तेव्हा या बाईने उपासनेतली गाणी म्हणायला सुरुवात केली आणि भीती ओसरली. घरी आल्यावर मळ्याच्या मालकाने नाव मागे घे नाहीतर चालती हो म्हणून बजावले. मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, स्वतःसाठी गेले होते, असे त्याला सांगून अठरा वर्षांची जागा तिने त्याच रात्री सोडली.

जून १९६३ मध्ये विनोना गावच्या तुरुंगात तिला पालथे पाडून मारले. मारायला हात लावले तेही काळ्याच कैद्यांचे, हुकूम गोऱ्यांचा. तिचे मूत्रपिंड कायमचे दुखावले. त्या कोठडीत तिने आणि बरोबरच्या कैद्यांनी जे गाणे म्हटले ते पौल आणि सीला यांच्या तुरुंगवासाचे होते.

इथे मी थबकतो. नॅन्सी अॅम्ब्रोजने टाकून दिलेला पौल फॅनी लू हेमरने कोठडीत परत मिळवला. पण आज्ञेत राहा म्हणणारा पौल नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत ती कथा आहे. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना चौकशीवाचून फटके मारून खोड्यात अडकवतात. मध्यरात्री ते गाणी म्हणतात, भूकंप होतो, दारे उघडतात. लोक इथेच थांबतात. पण कथा पुढे आहे. सकाळी अधिकारी निरोप पाठवतात की यांना गुपचूप सोडून द्या. पौल जायला नकार देतो. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हाला चव्हाट्यावर मारले, आता त्यांनीच येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे तो बजावतो. रात्री देवापुढे गाणे आणि सकाळी सरकारपुढे नागरिकत्व, असा हा क्रम आहे. हेमरजवळ सकाळचा तो कागदच नव्हता. तोच मिळवण्यासाठी ती मार खात होती. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे तिने ही सगळी हकिकत सांगितली. दूरचित्रवाणीवरून ती देशभर जाऊ नये म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद भरवली. तरी संध्याकाळच्या बातम्यांत देशाने तिला ऐकलेच. पुढच्या वर्षी मतदानाच्या हक्काचा कायदा झाला.

५

हे सगळे अमेरिकेतले. आपला त्याच्याशी संबंध जुना आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. अमेरिकन मराठी मिशन अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आले ते १८३१ साली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नर या बायबल वाचणाऱ्या गुलाम उपदेशकाने बंड केले आणि तो फासावर गेला. त्यानंतर काळ्यांच्या वाचण्यावर आणि उपदेशावर तिथे कायद्याने आणखी बंधने घातली गेली. मिशनबरोबर बायबल आले, शाळा आली, दवाखाना आला. महारामांगांच्या पोरांना पाटी मिळाली हे उपकार मी नाकारत नाही. परंतु नॅट टर्नरचे बायबल त्या बोटीतून आले नाही.

बाबासाहेबांनी हेच दुखणे ओळखले होते. ख्रिस्ती झालेला अस्पृश्य सामाजिक अन्यायाविरुद्ध उठत का नाही, असे त्यांनी धर्मांतरितांच्या स्थितीवरच्या लेखनात विचारले. तुझी अधोगती तुझ्या पापामुळे झाली असे त्याला शिकवले गेले; भोवतालच्या समाजरचनेमुळे झाली हे शिकवले गेले नाही, असा त्यांच्या उत्तराचा रोख आहे. मंडळीतसुद्धा जात गेली नाही, हेही त्यांनी सांगितले. दुबळेपणाचे कारण पाप ठरले की माणूस गुडघे टेकतो आणि तिथेच राहतो. कारण व्यवस्था आहे हे कळले की तो उठून मुकादमाकडे जातो. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. दुबळेपण कोणापुढे कबूल केले आणि ते कोणी लादले म्हणून ओळखले, यावर ते बेडी होणार की बळ, हे ठरते. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात अरविंद निर्मळ यांनी जो विचार मांडायला सुरुवात केली आणि जो पुढे दलित धर्मविज्ञान म्हणून उभा राहिला, त्याने हीच दिशा धरली. देव स्वतःच सेवकाचे हलके मानलेले काम करतो, तो टाकलेल्यांच्या बाजूचा नव्हे तर टाकलेल्यांपैकीच आहे, असे त्यांनी मांडले. उशीर झाला, पण घागर बदलली.

मी अजूनही देव मानत नाही. बुद्धाने स्वतःवर विसंबायला शिकवले, ती वाट मला पुरेशी आहे. पण ज्याच्यापाशी संघटना नाही, अक्षर नाही, कागद नाही, त्याने उद्या सकाळी मुकादमापुढे उभे राहण्याआधी रात्र कशी काढावी, याचे उत्तर आपण आपल्या सभांतून दिले होते काय? आत्याने ते तिच्यापुरते शोधले होते. त्याची टिंगल करण्याचा हक्क मला नव्हता.

आणि कागदाचा प्रश्न तर आपल्याच दारात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरवले. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजूनही बाहेर आहेत. एकाच वस्तीत, एकाच आडनावाच्या दोन घरांवर एकाच जातीच्या नावाने हल्ला झाला, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण एका घराला मिळते, दुसऱ्याला नाही. २००४ साली याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची ही अट काढावी असे सुचवले. २०२२ साली सरकारने आणखी एक आयोग नेमला. आमचे काम झाले म्हणून आपण बौद्धांनी या प्रश्नाकडे पाठ फिरवावी काय?

१९९० साली आदेशात दुरुस्ती झाली तेव्हा मी आत्याला भेटायला गेलो होतो. ती थकली होती, डोळे गेले होते. मी तिला सांगितले की दिल्लीच्या यादीत आता आमचे नाव आले.

"अन् आमचं?" तिने विचारले.

"न्हाय आलं," मी म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग पुन्यांदा जाया लागंल."